शब्दचर्चा : ‘फॉलआउट’ म्हणजे धूळ, राख की आणखी काही?

पर्वतीपायथा
६ ऑगस्टला हिरोशिमा दिनानिमित्त पुण्यात शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन आहे. फलक मराठीत करण्याचं काम चालू आहे आणि आठव्या फलकावर गाडी अडली आहे. विषय : अणुस्फोटानंतर हवेतून खाली येणारी किरणोत्सारी द्रव्यं आणि पहिल्या दोन दिवसांतला बचाव. इंग्रजीत एका शब्दात फॉलआउट म्हणून मोकळे होतात. मसुद्यात ‘किरणोत्सारी धूळ’ होतं. मजकूर तपासणाऱ्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यावर काट मारून ‘अवपात’ लिहिलं. सातवीच्या मुलाला ‘अवपात’ वाचून काय बोध होणार? मथळ्याला जेमतेम दोन शब्दांची जागा आहे. सुचवा.

शनिवारपेठकर
धूळच ठेवा. चेर्नोबिलच्या अणुभट्टी-अपघाताच्या बातम्यांपासून मराठी वाचकाला ‘किरणोत्सारी धूळ’ ओळखीची आहे. शिवाय धूळ म्हटली की झटकायची आणि धुवायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. बचावाचा अर्धा भाग तोच आहे : बाहेरचे कपडे अलगद उतरवायचे, पिशवीत बांधून माणसांपासून दूर ठेवायचे, अंग आणि केस साबणाने धुवायचे. त्वचा खरवडेल इतकं घासायचं नाही. केसांना कंडिशनर लावायचा नाही, त्याने कण केसांना चिकटून बसतात. ‘अवपात’ वाचून यातलं काहीच सुचत नाही.

अणुरेणू
धूळ ही अर्धीच गोष्ट आहे, शनिवारपेठकर. स्फोट जमिनीलगत झाला तर आगीचा गोळा माती-दगड वर ओढतो. वितळलेल्या मातीवर विखंडनातली, म्हणजे अणू फुटून झालेली, द्रव्यं बसतात, जड कण पहिल्या काही तासांत वाऱ्याच्या दिशेने पडतात. इथे धूळ ठीक. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला, गोळा जमिनीला टेकलाच नाही, त्यामुळे अशी धूळ तिथे कमी. तिथे आला तो काळा पाऊस, म्हणजे जळत्या शहराची काजळी आणि किरणोत्सारी द्रव्यं एकत्र. आणि मोठ्या स्फोटांतले बारीक कण स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, चढतात, ते महिनोन् महिने, काही तर वर्षांनी, जगभर उतरतात. स्ट्रॉन्शियम-९० त्यातलंच. त्याचं अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं. गवतातून दुधात, दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत. ती धूळ कुणाला दिसत नाही आणि झटकता येत नाही.

चेर्नोबिलशी तुलनाही फलकावर नको. बॉम्बच्या बाबतीत ‘सातास दहा’चा ठोकताळा चालतो : काळ सातपट झाला की किरणांचा दर दहाव्या हिश्शावर येतो. स्फोटानंतर एका तासाने दर १०० धरला, तर ७ तासांनी १०, ४९ तासांनी १, दोन आठवड्यांनी ०.१. म्हणून पहिले दोन दिवस जाड भिंतींच्या आत, इमारतीच्या मध्यभागी, छतापासून आणि बाहेरच्या भिंतींपासून दूर राहायचं. अणुभट्टीच्या अपघातात दीर्घायुषी द्रव्यांचं प्रमाण जास्त असतं, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. एकच शब्द दोन्हीकडे लावलात तर मुलं दोन्हीकडे एकच नियम लावतील.

अनुस्वार
पडतं ते पात. हिमपात, उल्कापात, जलप्रपात, गर्भपातसुद्धा. मग ‘किरणपात’ का नको? पाच अक्षरं, मथळ्यात बसतो, मुलांना उच्चारता येतो.

अणुरेणू
कारण किरण पडत नाहीत, द्रव्य पडतं. हा फरक पुसला की माणसं गोंधळतात. किरणांना अडवायला भिंत लागते, द्रव्य धुऊन काढता येतं. ‘किरणपात’ म्हटलं की आंघोळीचा उपयोग कुणाला पटणार नाही. आणि ‘अणुपात’ सुचवणार असाल तर तो बोलताना ‘अनुपात’ ऐकू येतो.

मुठेकाठचा
‘किरणोत्सारी रक्षा’ म्हणा. रक्षा शुद्ध मराठी आहे, दहनानंतर गोळा करतात ती.

शनिवारपेठकर
ती आपल्याला. हल्लीच्या मुलांना रक्षा म्हणजे संरक्षण, हिंदी बातम्यांतला रक्षामंत्री. किरणोत्सारी रक्षा हा किरणांपासून बचाव करणारा विभाग वाटेल. नेमका उलटा अर्थ.

मुठेकाठचा
हिंदीमुळे आपले शब्द किती सोडायचे? उद्या ‘अणु’ही सोडा. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू आणि आपला अणु म्हणजे त्यांचा परमाणु. तरी आपण अणुबॉम्बच म्हणतो आणि कुणाचं अडत नाही. मराठी फलक मराठी अर्थानेच वाचला गेला पाहिजे.

वाकडेवाडी
अणुबॉम्बमधला ‘बॉम्ब’ कुठला आहे पंत? रडार, मिसाइल सगळं पचवलं. देवनागरीत ‘फॉलआउट’ लिहा आणि खाली एका वाक्यात अर्थ द्या. नवा शब्द घडवून मुलांना तो एका फलकापुरता पाठ करायला लावण्यात काय हशील?

मुठेकाठचा
हशील हे की शब्द अर्थ सांगतो. ‘निःशस्त्रीकरण’ कुणाला समजावून सांगावं लागतं?

अनुस्वार
लागतं. शस्त्र हातात धरून चालवायचं, अस्त्र फेकायचं, असा जुना भेद. मग ‘अण्वस्त्रांचं निःशस्त्रीकरण’ हा घोळच. ‘अण्वस्त्रमुक्ती’ निर्दोष आहे.

पर्वतीपायथा
निःशस्त्रीकरण बाराव्या फलकावर आहे. आठव्यावर या, कृपया.

साकुराताई
जपानीत याला लोकांनीच नाव दिलं आहे : ‘शि नो हाइ’, मृत्यूची राख. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी कंकणद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. अपेक्षा ६ मेगाटनची होती, स्फोट १५ मेगाटनचा झाला, कारण बॉम्बमधलं लिथियम-७ निष्क्रिय राहील हे गृहीत चुकलं. शंभरहून अधिक किलोमीटरवर असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवर काही तासांनी पांढरा भुगा पडू लागला. २३ खलाशी होते. अंगावर, दोरांवर, माशांवर तो पडत राहिला. त्यांचे बिनतारी यंत्रचालक कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबरला वारले. राँगलॅप बेटावर तोच भुगा पडला, मुलं त्यात खेळली.

खरं तर ती राखही नव्हती. प्रवाळ भाजून झालेली चुनकळीच ती, म्हणून पांढरी. पण जपानी माणसाने राख म्हटलं आणि ते नाव टिकलं. मराठीतही राख हलका शब्द नाही. आपण राख सावडतो. ‘मृत्यूची राख’ दोन शब्दांत बसतं.

अणुरेणू
मथळा म्हणून उत्तम, ताई. पण मग काळा पाऊस वगळला जातो, आणि हिरोशिमाच्या फलकावर तोच मुख्य. त्या पावसात भिजलेल्यांना शासनाची मान्यता मिळायला २०२१ चा हिरोशिमा उच्च न्यायालयाचा निकाल लागला.

साकुराताई
मान्यतेचा विषय निघालाच आहे तर, ‘हिबाकुशा’चं, म्हणजे अणुबॉम्बचा आघात झालेल्या माणसांच्या जपानी नावाचं, काय केलंत? मसुद्यात ‘अणुपीडित’ आहे असं कळलं. ते बदलावं. जपानी कायद्यात हिबाकुशा ही नोंद आहे. १९५७ पासून त्यांना आरोग्य-पुस्तिका मिळते. चार प्रकार : स्फोटाच्या वेळी शहरात असलेले, दोन आठवड्यांच्या आत स्फोटकेंद्राजवळ गेलेले, मदतकार्यात किंवा प्रेतं हलवताना किरणांच्या संपर्कात आलेले, आणि त्या वेळी आईच्या पोटात असलेले. ‘पीडित’ म्हटलं की फक्त सोसणारा माणूस दिसतो. याच माणसांनी १९५६ मध्ये निहोन हिदान्क्यो ही संघटना उभी केली आणि २०२४ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं.

शनिवारपेठकर
पुण्याकडे यासाठी शब्द आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि ‘पूरग्रस्त’ हा शब्द सरकारदरबारी आला, त्यावर घरं मिळाली. भूकंपग्रस्त, धरणग्रस्त तसेच. मराठीत ‘ग्रस्त’ म्हणजे ज्याचा हक्क नोंदला गेला आहे असा माणूस. ‘अणुबॉम्बग्रस्त’ लिहा.

अनुस्वार
चिंताग्रस्त, व्याधिग्रस्त यांचा कुठला हक्क नोंदला जातो? ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणातला. जिवंत राहून सत्तर-ऐंशी वर्षं बोलत राहिलेल्या माणसाला गिळलेला म्हणायचं?

वाकडेवाडी
अण्वस्त्रबंदी कराराच्या प्रस्तावनेतही ‘हिबाकुशा’ तसाच ठेवला आहे. ७ जुलै २०१७ ला १२२ देशांनी तो मंजूर केला, २२ जानेवारी २०२१ ला लागू झाला. भारत त्यात नाही. जगाला भाषांतर करावंसं वाटलं नाही, आपण का हट्ट धरायचा?

शनिवारपेठकर
त्याच कराराचं सहावं कलम वाचा. वापर आणि चाचण्यांमुळे बाधा झालेल्यांना वैद्यकीय मदत, पुनर्वसन आणि मानसिक आधार देण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. हे मराठीत पुनर्वसनाच्या भाषेतच येणार, आणि ती भाषा ‘ग्रस्त’ची आहे. अनुस्वार, व्युत्पत्तीने शब्द चालत नाहीत, वापराने चालतात.

मुठेकाठचा
मग ‘रक्षा’ला तो न्याय का नाही? तिचाही वापर आहेच.

पर्वतीपायथा
फलक छापखान्यात जायचे आहेत. मथळा अजून कोराच आहे. तूर्त पोटमजकुरात धूळ, राख, काळा पाऊस तिन्ही लिहिले आहेत आणि सातास दहाचा तक्ता दिला आहे.

अणुरेणू
तक्त्याखाली एक ओळ हवी, नाहीतर मुलांना वाटेल की दोन दिवस आत बसलं की निभावलं. मार्सेल जुनो हे रेडक्रॉसचे डॉक्टर सुमारे १५ टन औषधं आणि साहित्य घेऊन हिरोशिमात पोचले तेव्हा ८ सप्टेंबर उजाडला होता, महिना उलटून गेला होता. आणि तो एकच बॉम्ब, १५ किलोटनचा. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आजही सांगते की अण्वस्त्र वापरलं गेलं तर पुरेशी मदत पोचवण्याची क्षमता कुठल्याच देशाकडे नाही. ही ओळ तक्त्याइतक्याच मोठ्या अक्षरांत घ्या. आणि तक्त्यावर ‘कण पडणं थांबल्यानंतर लागू’ असं लिहा. पडणं चालू असेपर्यंत दर वाढतच असतो.

अनुस्वार
‘कण पडणं’ तुम्हीच लिहिलंत. ‘कणपात’?

मुठेकाठचा
कणपात म्हणजे साखरेचाही.