हिल्डेगार्ड क्नेफ: एकोणिसाव्या वर्षाचा हिशेब आयुष्यभर मागायचा का?

रानजाई

जर्मन गायिका-अभिनेत्री म्हटलं की आपल्याकडे गाडी मार्लेन डीट्रिशच्या पुढे सरकत नाही. क्नेफचं नाव काढलं की पहिला प्रतिसाद ठरलेला: "ती नाझी अधिकाऱ्याबरोबर राहणारी ना?" परवा दुसऱ्या एका धाग्यावर हेच झालं आणि तिची गाणी ऐकण्याच्या लायकीची नाहीत, इथपर्यंत मजल गेली. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

क्नेफचा जन्म २८ डिसेंबर १९२५ चा, उल्म शहरातला. ती तान्ही असतानाच वडील गेले आणि आई तिला घेऊन बर्लिनला आली. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ती सात वर्षांची होती. म्हणजे शाळा, रेडिओ, सिनेमा, जे काही तिच्या कानावर-डोळ्यावर पडलं ते त्याच राजवटीतलं. पुढे उफा या चित्रपट कंपनीच्या ॲनिमेशन विभागात चित्रं काढण्याचं काम मिळालं, मग बाबेल्सबर्गची चित्रपटशाळा. त्याच काळात एवाल्ड फॉन डेमान्डोव्स्कीशी तिचे प्रेमसंबंध जुळले. तो टोबिस या चित्रपटसंस्थेचा निर्मितीप्रमुख होता. १९४५ मध्ये रशियन फौजा बर्लिनमध्ये शिरल्यावर ती पुरुषाचा गणवेश चढवून त्याच्याबरोबर श्मार्गेनडॉर्फच्या लढाईत उतरली आणि रशियनांच्या कैदेत पडली. वय १९.

हे लपवण्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. पण पुढचंही बघा. निर्माता डेव्हिड सेल्झनिकनं तिला हॉलिवूडला बोलावलं, करार केला आणि अट घातली: नाव बदल, आणि जर्मन नाही, ऑस्ट्रियन आहेस असं सांग. तिनं नकार दिला. त्या वेळी अमेरिकेत जर्मन असणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. करार होता, पण धड काम मिळेना. शेवटी ती जर्मनीत परत आली. खोटी ओळख आयती मिळत असताना जी ती नाकारते, तिला "संधिसाधू" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

उत्तरकाठ

सपशेल असहमत. डेमान्डोव्स्की कोण होता हे तुम्ही फार हलक्या हातानं लिहिलंत. टोबिसच्या आधी तो राइखचा फिल्मड्रामाटुर्ग, म्हणजे नाझी सरकारचा पटकथा तपासणारा अधिकारी होता. कोणती पटकथा पडद्यावर जाणार आणि कोणती नाही हे प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्यात बसून पाहणारा माणूस. चित्रपटशाळेतल्या मुलीला याची कल्पना नव्हती? उलट त्या धंद्यात त्याचं वजन काय आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असणार.

आणि १९४६ चा ऑक्टोबर महिना बघा. त्या महिन्यात रशियनांनी डेमान्डोव्स्कीला मृत्युदंड दिला. त्याच महिन्यात, १५ तारखेला, 'खुनी आपल्यातच आहेत' हा व्होल्फगांग श्टाउडचा चित्रपट बर्लिनच्या रशियन विभागात प्रदर्शित झाला. युद्धानंतरचा पहिला जर्मन चित्रपट. क्नेफनं त्यात छळछावणीतून परतलेली स्त्री केली आहे. खऱ्याखुऱ्या छावण्यांतून जिवंत परतलेल्या अभिनेत्री नव्हत्या का? पडद्यावरची तिची सुझान इतकी टवटवीत दिसते की मला तो चित्रपट बघताना प्रत्येक वेळी त्रास होतो.

रानजाई

टवटवीत दिसते, मान्य. तो दिग्दर्शकाचा आणि त्या काळच्या पडद्याच्या संकेतांचा दोष आहे. पण "कल्पना नव्हती का" हा प्रश्न सोपा नाही. सत्ता डेमान्डोव्स्कीच्या हातात, लग्न झालेला, आणि ही शिकाऊ मुलगी. आज असं प्रकरण घडलं तर आपण कोणाला जाब विचारू?

मिथिला_

रानजाईताई, इथं मात्र मी उत्तरकाठ यांच्या बाजूनं आहे. तिला नुसती बळी ठरवणं म्हणजे तिच्याकडून तिचा निर्णय काढून घेणं. गणवेश तिनं स्वतः चढवला होता.

पण मला १९५१ बद्दल बोलायचं आहे. विली फोर्स्टच्या 'पापिणी' या चित्रपटात क्नेफ काही क्षण विवस्त्र दिसते. त्यावरून पश्चिम जर्मनीत काय गहजब झाला! कोलोनच्या कार्डिनल फ्रिंग्जनी चर्चमध्ये वाचायला निषेधाचं पत्र काढलं, चित्रपटगृहांत दुर्गंधीचे बाँब फेकले गेले, काही ठिकाणी बंदी आली. प्रकरण थेट संघीय प्रशासकीय न्यायालयात गेलं आणि १९५४ मध्ये निकाल लागला की चित्रपटालाही कलास्वातंत्र्याचं संरक्षण आहे. युद्ध संपून सहा वर्षंही झाली नव्हती. शेजारपाजारचे जुने नाझी पक्षसदस्य पुन्हा कचेऱ्यांत बसू लागले होते, त्याबद्दल कोणी रस्त्यावर उतरत नव्हतं. एका बाईच्या उघड्या अंगावर मात्र सगळ्यांची नीतिमत्ता जागी झाली. क्नेफच्या वाट्याला आलेला राग तिच्या १९४५ बद्दल कधीच नव्हता, हे त्यातलं मला सगळ्यात खुपणारं.

उत्तरकाठ

चांगला मुद्दा, पण अर्धा. त्या चित्रपटावरचा आक्षेप केवळ नग्नतेचा नव्हता. नायिका आजारी चित्रकार प्रियकराला झोपेच्या औषधाचा जादा डोस देऊन मारते आणि स्वतःही जीव देते. ज्या देशात काही वर्षांपूर्वी सरकारनं "दयामरण" म्हणत आजारी आणि अपंग माणसं मारली, तिथं हे दृश्य कोणाला भयंकर वाटलं तर त्याला नुसता सोवळेपणा म्हणून झटकता येणार नाही.

पेटीवाला

मंडळी, इतकं सगळं झालं, गाण्याबद्दल कोणी बोलणार की नाही? जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डच्या नावावर एक उद्गार सांगतात: आवाज नसलेली जगातली सर्वश्रेष्ठ गायिका. तो क्नेफला अगदी लागू पडतो. स्वर खरखरीत, पल्ला लहान, बरंचसं गाणं बोलण्याच्या काठावरचं. पण शब्द कुठे टाकायचा, ओळीच्या शेवटी श्वास कुठे सोडायचा, हे तिच्याकडून ऐकावं. १९५५ मध्ये ब्रॉडवेवर कोल पोर्टरच्या 'सिल्क स्टॉकिंग्ज' या संगीतिकेची ती नायिका होती आणि त्याचे ४७८ प्रयोग झाले. तरी माझ्या मते तिचं खरं काम साठच्या दशकातलं, जेव्हा तिनं स्वतः गीतं लिहायला घेतली. १९६८ चं लाल गुलाबांच्या पावसाचं गाणं तिनं लिहिलेलं, संगीत हान्स हामरश्मिडचं. चाळिशी ओलांडलेली बाई अजून सगळं मागते आहे, तेही माफी न मागता. जर्मन करमणुकीच्या गाण्यात तेव्हा असं कोण लिहीत होतं?

मिथिला_

+१. आणि स्तनाच्या कर्करोगाबद्दल १९७५ मध्ये तिनं पुस्तक लिहिलं, तेव्हा हा विषय बायका बंद दाराआडसुद्धा दबक्या आवाजात काढत. १९७० मधलं तिचं आत्मचरित्रही तसंच निर्भीड. आपल्याकडे हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' पुस्तकरूपात आलं ते १९७० सालीच, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

उत्तरकाठ

ही तुलना नको. हंसाबाईंनी आपल्यावर झालेलं सोसणं सांगितलं. क्नेफला त्याशिवाय एका राजवटीशी असलेला स्वतःचा संबंध सांगायचा होता, आणि तिथं आत्मचरित्र म्हणजे शेवटी आपल्याच बाजूनं दिलेला जबाब. डीट्रिशकडे बघा. १९३९ मध्ये अमेरिकन नागरिक झाली, हिटलरविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांसाठी आघाडीवर जाऊन गायली. १९६० मध्ये जर्मनीत आली तर "मार्लेन, चालती हो" असे फलक लागले. किंमत तिनं मोजली.

रानजाई

डीट्रिशबद्दल मला आदरच आहे. पण ती १९३० मध्ये अमेरिकेला गेली ती कामासाठी, नाझी सत्तेवर येण्याच्या आधी, हातात यश असताना. तेव्हा क्नेफ चार वर्षांची होती. परत न येण्याचा निर्णय धाडसाचाच, पण जिच्यासमोर तो पर्याय कधी आलाच नाही तिला त्याच मापानं कसं मोजायचं? आणि या दोघींची मैत्री होती. डीट्रिशनं जिला जवळ केलं, तिला तिच्याच नावानं आपण खाली का दाखवावं?

१९४७ मध्ये क्नेफनं कुर्ट हिर्श या ज्यू अमेरिकन अधिकाऱ्याशी लग्न केलं हेही सांगून ठेवते.

उत्तरकाठ

लग्न हे प्रमाणपत्र नव्हे. मैत्रीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. डीट्रिश या बाबतीत कोणाला सहज सोडणारी नव्हती. गाणी ऐकू नका असं मी कधीच म्हटलं नाही. १९४६ च्या ऑक्टोबरमधल्या त्या दोन घटना तिच्या परिचयात शेजारी-शेजारी असाव्यात, एवढाच माझा हट्ट आहे.

रानजाई

असाव्यात. मग सेल्झनिकला दिलेला नकारही त्याच परिच्छेदात हवा, खाली तळटीपेत नको.

पेटीवाला

नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी: आधी १९६८ चं मूळ गाणं ऐका, मग १९९२ मध्ये एक्स्ट्राब्राइट या रॉक बँडबरोबर तिनं तेच पुन्हा गायलं ते. मधल्या काळात कर्करोग आणि कितीतरी शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. दुसऱ्या ध्वनिमुद्रणात तिला गिटारच्या गोंगाटावर मात करायची घाई नाही, ती आपल्या जागी उभी राहून ओळ पुरी करते. आवडलं नाही तर इथेच येऊन भांडा.