मदत हवी आहे: सापळ्यात ऑस्टेनी ही त्सेत्से माशी येत नाही, मग नकाशा चुकलाय का?

रानवाटा:
दक्षिण आफ्रिका, क्वाझुलू-नातालचा ईशान्य कोपरा. दाट झाडीत चार एच-सापळे, माश्यांना खेचणाऱ्या वासाला ऑक्टेनॉल आणि ४-मिथाइलफिनॉल ही रसायनं १:८ प्रमाणात. तीन आठवड्यांत ग्लॉसिना ब्रेव्हिपाल्पिस भरपूर, ऑस्टेनी एकच आणि तीही शंकास्पद. माश्या कुठे आढळतात त्या नकाशात इथे या दोन्ही त्सेत्से माश्या दाखवल्यात. ऑस्टेनी इथे नाहीच असं धरू का?

गोमाशी:
नका धरू. ब्रेव्हिपाल्पिस त्या वासावर येते, ऑस्टेनी त्याला फारशी भुलत नाही. तिच्यासाठी निळ्या-काळ्या चिकट फळ्या फुलीसारख्या एकमेकींत अडकवून झाडीच्या कडेला लावा आणि रोज बघा. पालापाचोळा चिकटला की पकड जाते.

शंकास्पद माशी आधी मोजा, सोंड सोडून. ऑस्टेनी जेमतेम ८ मिमी, फिकट तपकिरी. ब्रेव्हिपाल्पिस सेंटीमीटरच्या वर जाते आणि पंखाच्या मधल्या आडव्या शिरेवर गडद ठिपका असतो. मुळात त्सेत्सेच आहे का, तेही बघा: बसल्यावर पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक, सोंड सरळ पुढे, पंखात कुऱ्हाडीच्या आकाराचा कप्पा.

कडुनिंब:
वासाच्या पॉलिथिन पिशव्यांना भोक तर पाडलं नाही ना? वास प्लास्टिकमधून झिरपायला हवा. भोक पडलं की मिश्रण भराभर संपतं आणि उरतो तो तुमच्या हाताला गोठ्याचा वास. दुसरं म्हणजे मुंग्या. खांबाला ग्रीसचा जाड पट्टा नसेल तर पिंजऱ्यातल्या माश्या रातोरात फस्त होतात, लहान असली तर नुसते पंख उरतात. ऑस्टेनीचा आकडा तिथेही घटत असेल.

रानवाटा:
भोकं नाहीत. ग्रीस एकाच खांबाला आहे.

गोमाशी:
मग बाकीच्या तीन सापळ्यांचे आकडे बाजूला ठेवा.

नकाशाचं म्हणाल तर त्यातला रंग सलग असतो, माशी सलग नसते. ऑस्टेनी सोमालियापासून क्वाझुलू-नातालपर्यंत किनाऱ्यालगतच्या झाडीत तुकड्यातुकड्यांनी आहे. झांझिबारच्या उंगुजा बेटावर मात्र १९९४ ते १९९७ मध्ये वंध्य नर मोकळे सोडून (त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांना पिल्लं होत नाहीत) तिला संपवलं. बेट असल्यानं बाहेरून नव्या माश्या यायची भीती नव्हती. तुमच्याकडे ब्रेव्हिपाल्पिस सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात थोडाच वेळ उडते, म्हणून सापळे दुपारी रिकामे करा. सकाळी काढले तर सकाळची आवक दोन दिवसांत विभागली जाते.