वही पुन्हा पुन्हा लिहिणारी मुलगी: काटेकोरपणा की ओसीडी?

प्रश्न:
माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला अलीकडेच ओसीडीचे (नकोसे विचार किंवा अस्वस्थता पुन्हा पुन्हा येणे आणि त्यापायी त्याच त्या कृती करत राहणे, अशा मानसिक आजाराचे) निदान झाले आहे. हात धुणे किंवा कड्या तपासणे असे ती काही करत नाही. एखादी वेलांटी मनासारखी वळली नाही, की अख्खे पान फाडून नव्याने लिहिते आणि गृहपाठ मध्यरात्रीपर्यंत लांबतो. शाळेत तिच्या टापटिपीचे कौतुक होते, त्यामुळे घरातल्यांना हा आजार वाटतच नाही. काटेकोरपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो? ‘एवढे मनावर घेऊ नकोस’ असे सांगूनही फरक का पडत नाही?

प्रतिसाद १:
अक्षर किती सुबक आहे हे पाहू नका, पान पूर्ण झाल्यावर तिला समाधान मिळते का ते पाहा. काटेकोर मूल काम मनाजोगे झाले की वही मिटते. पण पुन्हा पुन्हा लिहिण्याच्या अशा फेऱ्या दिवसातला तासाहून अधिक वेळ खाऊ लागल्या किंवा झोप, अभ्यास, मैत्री यांच्या आड येऊ लागल्या, तर निदानाच्या निकषांनुसारही तो निव्वळ स्वभाव राहत नाही.

प्रतिसाद २:
ओसीडीतील विचारपद्धतींवर काम करणाऱ्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने १९९७ साली सहा प्रकारच्या समजुती मांडल्या: जबाबदारीचे अवाजवी ओझे, धोक्याचा फाजील अंदाज, विचारांना दिलेले अतोनात महत्त्व, त्यांवर ताबा हवाच हा हट्ट, अनिश्चितता न सोसणे आणि परिपूर्णतेचा आग्रह. पुढे २००५ साली याच गटाने आपल्या प्रश्नावलीचे विश्लेषण केले, तेव्हा शेवटच्या दोन समजुती एकाच घटकात आल्या, म्हणजे त्या एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. मुलीला उत्कृष्ट पान नको आहे, ‘आता काही चुकलेले नाही’ याची हमी हवी आहे, आणि तशी हमी कोणालाच मिळत नसल्यामुळे पान कितीही चांगले झाले तरी शंका उरतेच. ‘मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला त्या शंकेपर्यंत पोहोचतच नाही. काही मुलांना तर कसलीही भीती नसते, फक्त ‘बरोबर वाटत नाही’ ही टोचणी असते. त्यांना कारण विचारत बसणे व्यर्थ आहे.

प्रश्नकर्ती:
ती सारखी विचारते, ‘आई, बरोबर आहे ना?’ मी ‘हो’ म्हटले की तेवढ्यापुरती शांत होते. मग मी उत्तर देणेच बंद करावे का?

प्रतिसाद २:
एकाएकी नको, ते तिला शिक्षेसारखे वाटेल. पण तुमचा ‘हो’ हाही आता त्या चक्राचाच भाग झाला आहे, हे तिच्याशी मोकळेपणाने बोला आणि तो कसा कमी करायचा हे तिच्या संमतीने, उपचारकांबरोबर ठरवा. ईआरपी या उपचारात (अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीला सामोरे जायचे, पण नेहमीची कृती करायची नाही, असा सराव) पायऱ्या सोप्यापासून अवघडापर्यंत मांडतात: आधी एखादे अक्षर मुद्दाम वाकडे लिहून तसेच ठेवायचे, पुढे खाडाखोड असलेले पान शिक्षकांकडे द्यायचे. अस्वस्थता पूर्ण जाण्याची वाट पाहायची नसते. ती असतानाही वही दप्तरात ठेवता येते, हे तिला अनुभवायचे असते.

प्रतिसाद ३:
वर्गशिक्षकांनाही विश्वासात घ्या. सुबकतेचे कौतुक थांबवून त्यांनी खोडलेले पान विनातक्रार स्वीकारले, तर पुष्कळ काम होईल. औषधांचा विषय निघाला तर लगेच दचकू नका: मुले आणि किशोरवयीनांवरील २००४ सालच्या एका मोठ्या चाचणीत वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन हे औषध यांची जोड सर्वांत परिणामकारक ठरली होती. अर्थात, तुमच्या मुलीला औषधाची गरज आहे की नाही, हे मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे.