उस्मानाबादी करडं: दूध तोडल्यावर माळावर की दावणीला?

सांगोलकर: दूध तोडलेली करडं कोंडून ठेवू नयेत. माळावर सोडा, संध्याकाळी परतल्यावर खुराक द्या. सकाळी खुराक दिला तर ती बाभळीखाली बसून रवंथ करतात, चरत नाहीत. आणि ९० दिवस झाले म्हणून तोडू नका. रोज शंभरेक ग्रॅम भरडा आठवडाभर नीट खाणारं करडू तयार. जुळ्यातलं थोरलं दहा किलोला टेकतं, धाकटं सातावर अडकतं. त्याला दोन आठवडे जास्त द्या. भरड्याची सवय पंधराव्या दिवसापासून लावा. कोपऱ्यात करडापुरत्या फटीची बांबूची आड करा, करडू आत शिरेल, शेळी नाही. १०० किलो भरड्याला मका ५०, शेंगदाणा पेंड २०, गव्हाचा कोंडा १७, तूरचुनी १०, खनिज मिश्रण २, मीठ १. सरकी पेंड नकोच.

बार्शीकडचा: भरडा मान्य, माळ नाही. कार्तिकात जन्मलेली करडं माघ-फाल्गुनात तुटतात. तेव्हा सोलापूरच्या माळावर असतं काय? वाळलेली कुसळी! कुसळं ओठात, हिरडीत रुतली की करडू भरड्यालाही तोंड लावत नाही. वर दोन-तीन कोस पायपीट. त्यापेक्षा दावणीला तुरीचं भुसकट आणि शेवरीचा पाला बांधा, वजन हमखास धरतं.

सांगोलकर: दोन-तीन कोस चालवायला सांगतंय कोण? करडांचा कळप वेगळा ठेवा, जवळच चारा, उन्हाळ्यात दहाच्या आत परत आणा. दावणीला दाटी आणि मुताची ओल झाली की रक्ती हगवण आलीच.

शेरडंवाली: भाऊ, दोघंही शेळीला विसरलात. करडं हलवू नका, आयांना हलवा. करडांना ओळखीची गव्हाण राहू द्या. मधे जाळी, आठवडाभर एकमेकांना दिसतील अशी. जाळी दोन इंचीच घ्या, मोठ्या भोकात शिंगं अडकतात. खालचे दोन फूट पत्रा लावा, नाहीतर जाळीतूनच पितात आणि सगळं मुसळ केरात. शेळीचा खुराक तीन दिवस बंद, नुसता कडबा. कास तटतटली तर ताण उतरेल एवढंच काढा. रोज पूर्ण पिळलंत तर दूध आटायचं नाही. एकदम तोडून दुर्लक्ष केलं तर कासदाह.

बार्शीकडचा: जाळीचं पटलं. पण ज्वारी काढलेल्या रानाचं काय? सगळे तिथंच सोडतात. सांडलेली कणसं हावरटासारखी खाल्ली की पोट आंबतं, करडू दात खात पडून राहतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस नसेल तर रात्रीत दगावतं. धसकटाला ओलीवर फुटवे आले असतील तर किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते, डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही.

सांगोलकर: हे मात्र खरं. आधी मोठी शेरडं फिरवून कणसं संपवा. हिरवा फुटवा दिसला तर त्या रानात कुणालाच सोडू नका. भरडाही एकदम वाढवू नका: शंभराचे दोनशे ग्रॅम करायला दहा दिवस घ्या. गव्हाणीत प्रत्येकाला वीतभर जागा हवी, नाहीतर दांडगी दुप्पट खातात आणि तीच फुगतात.

शेरडंवाली: लस तोडायच्या दिवशी टोचू नका, पंधरा दिवस आधी उरका. आणि बोकडं तेव्हाच वेगळी करा. चार महिन्यांची पाठ (मादी करडू) गाभण राहिली तर तिची वाढ तिथंच खुंटते.

बार्शीकडचा: बोकडं माझ्या दावणीला, पाठी तुमच्या माळावर. चालेल?