विषय: औषधाचा गुण कमी वाटू लागल्यास मात्रा वाढवावी का?

प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम धरमपेठ, नागपूर

सप्रेम नमस्कार,

प्रश्न प्रकृतीचा असल्याने नाव न घालता मंडळाच्या संयोजकांमार्फत पाठवत आहे. पस्तिशीनंतर मला एडीएचडीचे (लक्ष एकाग्र ठेवणे अवघड करणाऱ्या अवस्थेचे) निदान झाले. अमेरिकेत असताना ॲम्फेटामाइनची दिवसभर पुरणारी कॅप्सूल सकाळी घेतली की माझे काम व्यवस्थित चालत असे. वडिलांच्या आजारपणामुळे नागपूरला परतलो, पण नोकरी तीच ठेवली, त्यामुळे या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला कामाला बसतो आणि रात्री अडीचला उठतो. येथे ते औषध मिळत नसल्याने रामदासपेठेतील डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेटची दहा मिलिग्रॅमची साधी गोळी दोन वेळा सुरू केली. सुरुवातीचे काही आठवडे उत्तम गेले. आता दुसऱ्या गोळीचा उपयोगच जाणवत नाही. शरीराला सवय झाली असावी असे वाटते. पुढच्या भेटीला अवकाश आहे, तोवर दोनाच्या तीन गोळ्या कराव्यात का? आपल्यापैकी एक स्नेही लवकरच भारतात येत आहेत, ते स्वतःजवळच्या शिल्लक कॅप्सुली आणून देतो म्हणतात.

आपला,
एक सभासद

प्रेषक: निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ, मंडळाच्या जुन्या सभासद

नमस्कार,

तुम्हाला तपासलेले नसताना मात्रा सांगणे योग्य नाही, ते तुमच्या डॉक्टरांचे काम आहे. परंतु तुमच्या पत्रात दोन-तीन वेगळ्या गोष्टी ‘सवय’ या एकाच नावाखाली आल्या आहेत, त्या सुट्या करून पाहाव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट अशी की तुमचे औषधच बदलले आहे. मिथाइलफेनिडेट हे मेंदूतील डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेश वाहणाऱ्या रसायनांचे पुनःशोषण, म्हणजे पेशींत परत ओढले जाणे, रोखते. ॲम्फेटामाइन त्याखेरीज पेशींतून डोपामिन बाहेरही सोडायला लावते, आणि मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून पाहिले तर ते अधिक प्रभावी ठरते. दिवसाला वीस मिलिग्रॅम मिथाइलफेनिडेट ही प्रौढ माणसासाठी बहुधा सुरुवातीची पायरी असते. तेव्हा औषधाचा जोर ओसरला नसून ते अद्याप पुरेशा मात्रेपर्यंत पोहोचलेलेच नाही, ही शक्यता डॉक्टरांपुढे मांडा.

दुसरी गोष्ट दिवसाच्या आत घडते. साधी गोळी चार तासांच्या आसपास काम करते, आणि एकाच दिवसात रक्तातील पातळी सपाट राहिली तरी परिणाम हळूहळू उतरू लागतो. जेम्स स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासात हे दाखवले, तो 1999 साली प्रसिद्ध झाला. दुपारी तोच परिणाम टिकवायचा तर पातळी चढती ठेवावी लागते, हे ध्यानात घेऊनच 2000 साली अमेरिकेत मंजूर झालेली कॉन्सर्टा ही गोळी रचली गेली: 22 टक्के औषध बाहेरच्या थरात, उरलेले आतून वाढत्या वेगाने बाहेर पडणारे. तुमची दुसरी गोळी फिकी वाटण्यामागे हे कारण असू शकते, आणि त्यावर इलाज गोळ्यांची संख्या वाढवणे हाच असतो असे नाही. वेळा बदलणे किंवा सावकाश सुटणारी गोळी घेणे हेही पर्याय आहेत.

दीर्घकाळाची सवय हा तिसरा आणि खरा वादाचा विषय. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वांग, व्होल्कोव आणि सहकाऱ्यांना, मोजक्या प्रौढांना वर्षभर मिथाइलफेनिडेट दिल्यानंतर मेंदूच्या स्ट्रायटम भागातील डोपामिन वाहकांचे (डोपामिन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण 24 टक्क्यांनी वाढलेले आढळले. म्हणजे मेंदू जुळवून घेतो, याला आधार आहे. पण त्यावरून प्रत्येकाचा गुण ओसरतोच असे निघत नाही. वर्षानुवर्षे एकाच मात्रेवर नीट चालणारे पुष्कळ रुग्ण असतात. पहिल्या आठवड्यांतली तरतरी आणि मावळलेली भूक मात्र बहुतेकांच्या बाबतीत निवळते, आणि ती तरतरी गेली म्हणजे औषधच गेले असा समज रुग्ण करून घेतात. औषध लागू आहे की नाही, हे हातातले काम पुरे होते का, यावरून ठरवावे; अंगात काय वाटते यावरून नव्हे.

आता राहिले तुमचे वेळापत्रक, आणि माझ्या मते निम्मे उत्तर तेथेच आहे. पहाटे कधीतरी झोपायचे, सकाळी घरात जाग आली की उठायचे, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कूलरच्या आवाजात दुपारची डुलकी काढायची, अशा क्रमात झोप किती होत असेल? उत्तेजक औषध पेंग झाकते, झोपेची तूट भरून काढत नाही. दुसरी गोळी कामाला बसल्यावर चार तासांनी, म्हणजे रात्री साडेदहाच्या सुमारास घेत असाल, तर ती कदाचित तुमची पुढची झोपही खात असेल. त्यात उन्हाने आणि गोळीने भूक मरून जेवण टळले, वर चहाचे कप वाढले, तर चिडचिड आणि विस्कळीतपणा औषध लागू असूनही दिसेल. दोन आठवडे झोप, जेवण, गोळीची वेळ आणि कामाची स्थिती यांची नोंद ठेवा, नाडी व रक्तदाब मोजून घ्या आणि ती वही भेटीच्या वेळी सोबत न्या.

जाता जाता: संत्र्याचा रस व क जीवनसत्त्व ॲम्फेटामाइनचे शोषण कमी करतात, त्यामुळे पूर्वीची कॅप्सूल आपल्या गावच्या रसाबरोबर घेणे शहाणपणाचे ठरले नसते. मिथाइलफेनिडेटच्या बाबतीत ही अडचण नाही, संत्री खुशाल खा.

प्रेषक: एक सभासद, धरमपेठ

आदरणीय डॉक्टरताई,

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. नोंद आजपासून ठेवतो. शनिवार-रविवार औषध बंद ठेवले तर सवय मोडते, असे पुष्कळांकडून ऐकले आहे. त्यात तथ्य आहे का? कॅप्सुलींबद्दल आपण काही लिहिले नाही.

प्रेषक: निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ

सुट्टीच्या दिवशी औषध थांबवण्याने भूक आणि झोप सुधारते, हे काहींच्या बाबतीत खरे आहे. त्याने गुण पूर्ववत होतो असा खात्रीचा पुरावा नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2018 ची मार्गदर्शिका निदान वर्षातून एकदा आढावा घ्या आणि गरज वाटल्यास काही काळ बंद करून किंवा मात्रा उतरवून पाहा असे सुचवते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत. तुम्ही सुट्टीतही वडिलांची औषधे, गाडी आणि बँक सांभाळता. त्या दिवशी लक्ष विचलित होणे परवडेल का, याचा विचार करा.

कॅप्सुलींबद्दल राहून गेले नव्हते, वेगळे लिहायचे ठरवले होते. ॲम्फेटामाइन आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. दुसऱ्याच्या नावाच्या चिठ्ठीवरचे औषध बॅगेत घालून आणणे त्या स्नेह्यांना विमानतळावर फार महागात पडू शकते, आणि तुमच्या डॉक्टरांना कळू न देता दोन उत्तेजके मिसळणे तुमच्या हृदयाला. त्यांना कृपया आजच नाही म्हणून कळवा. मिथाइलफेनिडेटही शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. दुकानदार चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपून ठेवतो, म्हणून दुसरी प्रत मागून घ्यावी. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच दुकानात चौकशी करा, कारण हा साठा सर्व ठिकाणी ठेवत नाहीत. आणि डॉक्टरांना फोन करून भेट अलीकडे घेता येते का, ते विचारा. छातीत दुखले, धडधड वाढली किंवा मन फार अस्वस्थ झाले तर मात्र भेटीची वाट पाहू नका.