उन्हाळ्यात घरून इंटर्नशिप: मराठी बालगोष्टी आणि गणिताचे व्हिडिओ. पहिल्या आठवड्यात काय करून घ्यावं?

दुसरं_वर्ष:
मंडळी, नमस्कार. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे-जूनमध्ये एका शैक्षणिक संस्थेचं काम घरून करायचंय, ८ आठवडे, आठवड्याला २० तास. वाट्याला १० चित्रगोष्टींचं इंग्रजीतून भाषांतर आलंय, शिवाय पाचवी-सहावीच्या गणिताच्या ६ हिंदी व्हिडिओंना मराठी आवाज आणि सबटायटल. नेट मोबाइलचं, दुपारी वीज जाते. कॉलेजात ४ क्रेडिट दाखवायचे आहेत. काम कुठे अडतं आणि सुरुवात कशापासून करावी?

पाटीपेन्सिल:
१० गोष्टी एकदम हातात घेऊ नकोस. पहिल्या ३ दिवसांत एकच गोष्ट अगदी शेवटपर्यंत ने: भाषांतर, संपादकाच्या दुरुस्त्या, चित्रांवर मजकूर बसवणं, सगळं. दहाही गोष्टींचा कच्चा खर्डा आधी केलास, तर एकच चूक दहा ठिकाणी निस्तरावी लागेल.

गोष्टीची वाचनपातळी आधी विचारून घे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या बालगोष्टींच्या संकेतस्थळावर पहिली पातळी २५० शब्दांच्या आत असते, दुसरी ६०० पर्यंत. पण नुसते शब्द मोजून भागत नाही. इंग्रजीतली जोडवाक्यं मराठीत आणताना ‘-लेला, -लेल्या’ची रांग लागते. ‘झाडावर बसलेल्या माकडाने खाली पडलेला आंबा उचलला’ हे मोठ्यांना सोपं वाटतं, पण नुकतं वाचू लागलेलं मूल ‘बसलेल्या’पाशीच थबकतं. ‘माकड झाडावर होतं. आंबा खाली पडला. माकडानं तो उचलला.’ असं तोड.

दुसरी अडचण पान उलटण्याची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे इंग्रजीत पुढच्या पानासाठी राखलेली गंमत आधीच्या पानावरच फुटते. ‘तिला डब्यात बेडूक दिसला’ असं लिहू नकोस. या पानावर ‘तिनं डबा उघडला. आत होता...’ आणि उलटल्यावर ‘बेडूक!’ चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय भाषांतराला बसूच नये.

‘तिच्याकडे दोन भाऊ आहेत’ अशी वाक्यंही शोधून काढ. पतंग तिच्याकडे असतो, भाऊ तिला असतात. बोलीतलं ‘बसलं’ की लेखी ‘बसले’ हे एकदाच ठरव आणि सगळ्या गोष्टींत तेच पाळ.

मग दुसरी-तिसरीतल्या ३ मुलांकडून मोठ्यानं वाचून घे. मूल अडलं त्या शब्दाखाली रेघ मार, मध्येच सांगू नकोस. पालकांना आधी विचार. नाव, फोटो काही नको, ‘इयत्ता २ री, मुलगी’ एवढी नोंद पुरे. दोघं एकाच शब्दाला अडली तर शब्द बदल.

उभी_रेघ:
गणिताचं बोलतो. हिंदी व्हिडिओ ऐकत लिहिलं की हिंदी संज्ञा नकळत मराठीत शिरतात. मराठीत ‘भिन्न’ नव्हे अपूर्णांक, ‘हर’ नव्हे छेद, ‘दशमलव’ नव्हे दशांश, ‘परिमाप’ नव्हे परिमिती, ‘लघुत्तम समापवर्त्य’ नव्हे लसावि. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्या इयत्तेचं पुस्तक उघडं ठेवूनच लिहा. मूल शाळेत एक शब्द ऐकतं आणि व्हिडिओत दुसरा, तर गणित येत असूनही गोंधळतं.

टंकलेखनात ‘ऱ्य’ सांभाळा. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, मग हलन्त आणि य. मजकूर युनिकोडमध्येच द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं लिखाण दुसऱ्या संगणकावर नुसती निरर्थक अक्षरं होऊन उघडतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘किती’ची पहिली वेलांटी भलत्याच जागी गेली, तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावलेला नाही असं समजा.

सबटायटलच्या एसआरटी फाइली यूटीएफ-८ मध्ये जतन करा. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय राहिलं तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती फाइल पुन्हा सुधारता येत नाही. एका वेळी २ ओळी, ओळीत ४० च्या आसपास अक्षरं. नवख्याला ५ मिनिटांच्या व्हिडिओला ३-४ तास धरा.

दुसरं_वर्ष:
आवाज फोनवरच रेकॉर्ड करावा लागेल. घरासमोर रस्ता आहे. कसं जमवू?

पाटीपेन्सिल:
पहाटे ५ ते ६ ची वेळ धर, वीजही बहुधा असते. पंखा बंद, खोलीत गाद्या आणि गोधड्या असू देत, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फोन तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, पण थोडा बाजूला. समोर धरलास तर ‘फ’ आणि ‘भ’ला हवेचा फटका बसतो. सुरुवातीला १० सेकंद गप्प राहा. त्या शांततेचा नमुना घेऊन ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची घरघर कमी करता येते. आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेव.

४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल मिनिटाला पावणेसहा एमबी, म्हणजे ५ मिनिटांना २९ एमबी. एवढी मोबाइल नेटवरून जाते. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच. व्हॉइस नोट आवाज दाबून टाकते. आणि चूक झाली की सगळं पुन्हा वाचू नकोस: २ सेकंद थांब, टाळी वाजव, तेच वाक्य पुन्हा म्हण. आवाजाच्या आलेखात टाळीचा सुळका लगेच दिसतो, कापायची जागा शोधावी लागत नाही.

उभी_रेघ:
क्रेडिटबद्दल: साधारण हिशोब १ क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ ला १२०. तुमचे १६० होतात, वीज जाण्याचं नुकसान त्यात भरून निघेल. तरी आपल्या विद्यापीठाचा नियम आणि नोंदवहीचा नमुना कामाच्या आधीच मागून घ्या. तारीख, तास, नेमकं काम आणि फाइलचं नाव रोज लिहा. ‘भाषांतर केलं’ एवढंच लिहिलं तर मार्गदर्शक सही करताना अडतात. ‘गोष्ट ३, पान १ ते ८, दुसरा खर्डा, अडीच तास’ असं हवं. संस्थेकडून तासांचा आकडा असलेलं पत्र शेवटच्या आठवड्याच्या आधीच मागा. जूनअखेर शाळा सुरू झालेल्या असतात आणि तिथल्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते.