शाळा बंद होत्या तेव्हा तुमची मुलं कशी होती? (अनुभव धागा)

सुरंगी, दापोली
पावसाच्या रेड अलर्टमुळे उद्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. जावेचा पहिलीतला मुलगा घरभर नाचतोय. माझी लेक यंदा दहावीत आहे. तिने ग्रुपवरचा मेसेज वाचला आणि विचारलं, "एकच दिवस ना गं आई? नक्की?" पोटात कालवलं माझ्या. पाच वर्षं झाली तरी हा प्रश्न पोरीच्या आत तसाच बसलाय.

२०२० च्या मार्चमध्ये तिची चौथी संपता संपता कोरोनामुळे शाळा बंद झाली. आधी सुट्टीच वाटली. मग ३ जूनला निसर्ग वादळ. घराची कौलं उडाली, मागची वाडी आडवी झाली, माड गेले, पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. कित्येक आठवडे वीज नव्हती. पाचवीचे ऑनलाइन तास सुरू झाले म्हणे, आमच्याकडे फोन चार्ज करायलाही जनरेटरवाल्याकडे पैसे देऊन ठेवावा लागे.

पोरगी रोज सकाळी म्हणायची, पोटात दुखतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. जरा वारा सुटला की कानांवर हात. रात्री सासूबाईंच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून झोपायची. बोलणं जवळजवळ बंदच.

सासूबाईंनी तिला काही विचारलं नाही की समजावलं नाही. सुपारीची रोपं तिच्या ताब्यात दिली. पिशव्यांत माती भरायची, रोप लावायचं, सावलीला ठेवायचं, गोगलगाई वेचून टाकायच्या. दोघी मागच्या पडवीत तासन् तास बसायच्या. एकदा मी आतून ऐकलं, "आजी, ही फळाला कधी येणार?" "पाच-सहा वर्षं तरी जातील गो." जरा वेळाने ही म्हणाली, "म्हणजे मी दहावीत असेन." शाळा बंद झाल्यापासून पहिल्यांदाच ती पुढच्या दिवसांबद्दल काही बोलली होती. मी चुलीपाशी रडून घेतलं.

तुमच्याकडे काय झालं? मुलांना कशाने बरं वाटलं? लिहा, जमेल तसं.

गुरुजी_संगमेश्वर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्या वाड्यांवर निम्म्या घरांत स्मार्टफोन नव्हता, आणि असला तरी बाप कामावर गेला की फोनही त्याच्याबरोबर. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीचे धडे लागायचे, पण पावसात वीज टिकेल तर ना. शेवटी आम्हीच वाड्यावाड्यांत जाऊ लागलो. देवळाच्या सभामंडपात चार-पाच मुलं, लांब लांब बसवलेली.

पहिल्या दिवशी मी स्वाध्यायाचे कागद घेऊन गेलो होतो. कुणीही कागदाला हात लावला नाही. "गुरुजी, खालच्या वाडीतली आमची मैत्रीण कशी आहे? तिच्या घरी कोरोना झाला ना?" "आमचा मित्र परत येणार का मुंबईला राहणार?" पूर्ण वेळ त्यातच गेला. मग मी रीतच पाडली, आधी एकमेकांची खबरबात, मग गणित. एका वाडीतल्या मुलांनी दुसऱ्या वाडीतल्या मित्राला चिठ्ठी लिहायची, पोचवायची मी. ज्या मुलाला दोन ओळी लिहायचा कंटाळा, त्याने पानभर लिहून दिलं.

माडाखाली (मालवण)
माझो झील तेव्हा तिसरेक होतो. सुरवातीक लय खूश. मगे हळूहळू गप झालो. आज्यान त्येका वांगडाक घेवन जाळा दुरुस्त करूक बसवल्यान. हाताक काम गावला तसा तोंड उघडल्यान. सगळा बोललो, मित्र, बाई, सगळा. आता जेवणाची घाई, मागसून लिवतंय.

डोंबिवलीकर_गुहागरची
सुरंगीताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

आम्ही मे २०२० मध्ये पास काढून गावी आलो. तेव्हा मुंबईहून येणाऱ्यांना शाळेत क्वारंटाइन करत होते, आम्हीही गावच्या शाळेतच राहिलो. मुलगा सहा वर्षांचा. फळ्यावर आदल्या वर्गाचा सुविचार तसाच, आणि आम्ही बाकं सरकवून त्यामध्ये अंथरुणं घातलेली. जेवणाचा डबा दीर गेटपाशी ठेवून मागे सरकायचे. आजी लांबून हात करायची आणि हा तिच्याकडे धावायला बघायचा, धरून ठेवावं लागायचं. गावातली पोरं कुंपणापलीकडून "मुंबईवाले, मुंबईवाले" ओरडायची.

पुढे त्याला त्याच शाळेत घालायचं ठरलं तर हा हादरला. शाळा म्हणजे आजारी माणसांना कोंडायची जागा हेच त्याच्या डोक्यात. बाईंनी फार समजूतदारपणा दाखवला. शाळा सुरू व्हायच्या आधीच त्याला एकट्याला बोलावलं, सगळ्या खिडक्या त्याच्याकडून उघडून घेतल्या, आम्ही झोपायचो त्या भिंतीवर खडूने त्याला हवं ते काढू दिलं. त्याने भलीमोठी एसटी काढली. ती एसटी बाईंनी बरेच दिवस पुसली नाही.

सुरंगी, दापोली
@डोंबिवलीकर, अशा बाई प्रत्येक शाळेत असायला हव्यात.

आठळी
एसटीवरून आठवलं, गुहागरला नक्की कुठे तुम्ही? आमचं वरवेली.

डोंबिवलीकर_गुहागरची
अगं अडूर! एकाच तालुक्यातल्या की आपण.

बंदरावरून
सगळे गावच्या मुलांचं बरं चाललं होतं असं धरून चालतात. झाडं, अंगण, समुद्र, म्हणजे मजा. आमच्या घरात तसं नव्हतं. होड्या किनाऱ्याला, मासळीला गिऱ्हाईक नाही, बर्फाचे पैसे अंगावर, डिझेलची उधारी. खोली एकच. आमचे वाद मुलं पांघरुणात ऐकायची. मोठ्या मुलीने तिच्या डब्यातली जत्रेची चिल्लर आणून बापापुढे ठेवली. ते तिला जवळ घेऊन म्हणाले, "पैशाची काळजी आमची, तू करायची नाही. कर्ज आहे, फिटेल, वेळ लागेल." तिला खरं सांगितलं आणि ओझंही काढून घेतलं. त्या रात्री ती शांत झोपली.

रत्नागिरीतून एक समुपदेशक
वरच्या ताईंच्या मालकांनी जे केलं ते आम्ही पालकांना तासभर समजावून सांगतो. मुलांपासून लपवलं की मुलं स्वतः गोष्ट रचतात, आणि ती खऱ्यापेक्षा भयंकर असते. शिवाय त्यात दोष स्वतःकडे घेतात.

माझ्याकडे एक मुलगा आणला होता. वडील दुसऱ्या लाटेत गेले, २०२१ च्या एप्रिलमध्ये. घरच्यांनी सांगितलं, बाबा गावाला गेलेत. अंत्यदर्शन नाही, दिवस-कार्य चार माणसांत उरकलेलं. तो आठ वर्षांचा मुलगा वर्गातल्या कुणाशीही भांडायचा, अंथरूण पुन्हा ओलं करू लागला होता. आईला तयार करायला वेळ लागला. शेवटी तिनेच सांगितलं, माझ्यासमोर, साध्या शब्दांत: बाबा वारले, ते परत येणार नाहीत, मी आहे. तो म्हणाला, "मला माहीत होतं. मी बाहेरून आल्यावर हात धुतले नव्हते म्हणून ना?" इतके महिने हे मनात घेऊन फिरत होता.

पोटदुखी, डोकेदुखी, चिकटून राहणं, चिडचिड, मागे पडलेल्या सवयी परत येणं, लहान मुलं मनातलं असंच अंगातून बोलतात. त्यांना "घाबरू नको" म्हणण्यापेक्षा "भीती वाटतेय ना, मी बसलेय इथे" हे जास्त पोचतं. झोपायच्या-जेवायच्या वेळा सांभाळा, बाकी सगळं विस्कटलं तरी.

आठळी
हात धुतले नाहीत म्हणून... अरे देवा. वाचवत नाही.

वाशिष्ठीकाठ
चिपळूण. आमची शाळा दोनदा गेली म्हणायची. आधी कोविडने, मग २२ जुलै २०२१ च्या पुराने. मुलगा तेव्हा नववीत. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली पाणी छतापर्यंत. ओसरल्यावर त्याचं दप्तर गाळात सापडलं, वह्यांचा लगदा. तो वह्यांसाठी रडला नाही. पाचवीतला वर्गाचा फोटो त्यात होता, त्यासाठी रडला. मग त्याच्या मित्राच्या आईने स्वतःकडच्या फोटोची प्रत काढून दिली. ४ ऑक्टोबरला आमच्याकडे आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले, तर हा पहाटेच उठून बूट घालून बसला.

पुरानंतर बाहेरगावांहून मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलांबरोबर तो गाळ काढायला जायचा. मी अडवत होते, आजारी पडेल म्हणून. मोठ्या मुलांमध्ये घाम गाळून आला की दोन घास जास्त जेवायचा, हे बघितलं आणि गमबूट आणून दिले.

भूगोलवाला
मी तेव्हाचा दहावीवाला. आमचा भूगोलाचा पेपर लॉकडाउनमुळे राहिला तो राहिलाच. पोरं खूश झाली होती, मला मात्र काहीतरी अर्धवट सुटल्यासारखं बरेच दिवस वाटत होतं. अकरावीचं कॉलेज मोबाइलवर, रेंजसाठी सड्यावर जायचो. कणकवलीकडच्या एका मुलीने डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला होता, पेपरात आलं होतं. आमच्याकडे झोपडी नव्हती, छत्री होती.

बाबा संध्याकाळी ओटीवर कॅरम मांडायचे. अभ्यास, मार्क, पुढे काय, एक अक्षर नाही. नुसता खेळ. हळूहळू मीच बोलायला लागलो. पालकांनो, मुलगा गप्प असेल तर समोर बसू नका, शेजारी बसा आणि हाताला काहीतरी असू द्या.

गुरुजी_संगमेश्वर
शाबास रे. हे आमच्या केंद्राच्या बैठकीत सांगतो.

माडाखाली (मालवण)
इलंय परत. भूगोलवाल्यान माझ्या मनातला लिवल्यान. आमच्याकडे जाळा, थंय कॅरम.

सोनकी
एवढं वाचून धीर आला म्हणून विचारते. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता, आता बारावीत आहे. त्या वर्षांत त्याला खोलीतच राहायची सवय लागली ती गेलीच नाही. मित्र नाहीत. जेवणही खोलीत. घरचे म्हणतात वय आहे, सुधारेल. हल्ली रात्रभर जागा असतो. आवडीचं क्रिकेटही बघत नाही.

रत्नागिरीतून एक समुपदेशक
सोनकीताई, झोप उडालीय आणि आवडीची गोष्टही सुटलीय, तर वय आहे म्हणून थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही एकट्याने फोन केलात तरी चालेल, त्याच्याशी कसं बोलायचं ते सांगतील. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, तिथेही जाता येईल. जगण्याचा कंटाळा आलाय असं काही तो म्हणाला तर त्याच दिवशी न्या. लहान मुलं अडचणीत असतील तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, हेही सगळ्यांनी लिहून ठेवा.

बंदरावरून
सोनकी, मी तुला मेसेज केलाय. माझ्या बहिणीचा मुलगा असाच होता. ओपीडीला एकटी जाऊ नकोस, मी येते बरोबर, तशीही सोमवारी बाजारासाठी यायचंच आहे.

सोनकी
मिळाला ताई. सोमवारी चालेल. सकाळच्या गाडीने येते, त्याला रात्री विचारून सांगते तो येतो का.